गव्हाचं पीक आणि पडलेला मंत्री

शेतीधोरण बदलणं म्हणजे काय दिव्य असतं, हे बघायचं तर १९६४ सालात जाऊ. शास्त्रीजींनी सी. सुब्रमण्यम यांच्या गळ्यात अन्न व शेतीखातं घातलं. तेव्हा आपलं रेशन अमेरिकेच्या पीएल-४८० गव्हावर चालायचं. शहरात धान्य स्वस्त हवं, म्हणून शेतकऱ्याला भावही बेताचाच. मग तो खतात पैसा कशाला घालेल?

सुब्रमण्यम यांनी नेमकं हेच ओळखलं. १९६५ साली भाव सुचवायला कृषी मूल्य आयोग आणि खरेदीसाठी अन्न महामंडळ उभं राहिलं. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बियाणं आलं. क्रम बघा हं! आधी भावाचा भरवसा, मग नवं बियाणं. विरोध होताच. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना खर्च खुपत होता, डाव्यांना परदेशी बियाणं.

१९६८ साली गव्हाचं विक्रमी पीक आलं, पोस्टाने तिकीटही काढलं. पण साहेब १९६७ लाच निवडणूक हरले होते!

२०२० च्या तीन कृषी कायद्यांविरुद्ध शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसले, ते याच भरवशासाठी. २०२१ मध्ये कायदे मागे घ्यावे लागले. गहू-तांदळापायी पंजाबचं भूजल आटतंय, बदल हवाच, हे मलाही पटतं. पण आमच्या धंद्यातसुद्धा जुना कोड काढण्याआधी नवा चालवून दाखवावा लागतो. शेतकऱ्याने हमीभाव आधी कायद्यात लिहून मागितला, तर त्याला अडाणी कसं म्हणायचं?