सोलापूर सेटलमेंट
सोलापूर सेटलमेंट : ब्रिटिश राजवटीने ‘गुन्हेगार जमाती’ ठरवलेल्या कुटुंबांना तारेच्या कुंपणात डांबण्यासाठी सोलापूर शहराच्या कडेला वसवलेली वस्ती. उमेदपूर हे तिचे दुसरे नाव. कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट, मांग गारुडी अशा जमातींची कुटुंबे येथे आणून ठेवली गेली. 1952 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाल्यावर या जमातींना ‘विमुक्त’ म्हटले जाऊ लागले. कुंपण गेले तरी गरिबी आणि संशय मागे राहिले, म्हणून या वस्तीचा इतिहास 1952 पाशी थांबत नाही.

गुन्हेगारी रक्तातून उतरते, बापाचा धंदा मुलाकडे जातो तसा गुन्हाही जातो, या समजुतीवर 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा उभा होता. सरकारने एखाद्या जमातीविषयी अधिसूचना काढली की तिला कोर्टात आव्हान देता येत नसे. हा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि 1911 च्या सुधारणेने मुंबई इलाख्यासह सगळीकडे पसरला. त्याच वेळी बोटांचे ठसे घेण्याची तरतूदही आली. 1924 च्या कायद्यात ठरावीक गुन्ह्यांसाठी दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्या नोंदणीकृत माणसाला किमान सात वर्षे कैद आणि तिसऱ्यांदा जन्मभर काळे पाणी सांगितले होते. तीच चोरी इतर कोणी केली तर त्याची शिक्षा गुन्ह्यापुरती असे. शिक्षा माणूस कोणत्या घरात जन्मला यावर ठरत होती. दक्षिण आफ्रिकेतील पासचे कायदे आणि अमेरिकेच्या दक्षिणेतील काळ्यांविरुद्धचे भटकेगिरीचे कायदे यांच्याच पंगतीत हा कायदा बसतो.

या जमातींचे धंदे आधीच मोडले होते. बैलांच्या पाठीवरून मीठ-धान्य नेणाऱ्या लमाणांचा व्यापार मिठावरील सरकारी बंधनांनी आणि रेल्वेने बुडवला. जंगल कायद्यांनी पारध्यांची शिकार बेकायदा ठरवली. पोट भरायची वाट बंद करायची आणि भुकेल्या माणसाला जन्मजात चोर म्हणायचे, असा तो क्रम होता. सेटलमेंटचा इतिहास सांगताना चोरीच्या कथाच पुढे येतात आणि ही पहिली लूट मागे पडते.

मुंबई इलाख्यातील सेटलमेंटांची घडी ओ. एच. बी. स्टार्ट या आय.सी.एस. अधिकाऱ्याने बसवली. पुढे 1928 मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिम जमातींविषयी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपदही त्याच्याकडेच होते. त्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्करबाप्पा सदस्य होते. सोलापूरची वस्ती अमेरिकन मराठी मिशनने चालवली. शाळा, दवाखाना, उद्योग हे सारे तिथे होते, पण ते हजेरी आणि परवान्यासोबत आले. शहराला गिरण्यांसाठी हात हवे होते. सेटलमेंटमधील स्त्री-पुरुष गिरणीत राबायला जात आणि हजेरीला परत येत. हा मजूर गाव सोडून जाऊ शकत नव्हता, हे मालकांच्या पथ्यावर पडले. सुधारणेच्या नावाखाली चाललेले हे बांधलेल्या मजुरीचे तंत्र होते, असेच म्हटले पाहिजे. वर्तणूक चांगली ठरलेल्यांना कुंपणाबाहेर ‘फ्री कॉलनी’त घर मिळे. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा पत्ता सोलापुरात आजही लिहिला जातो.

या कायद्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या अय्यंगार समितीच्या अहवालानंतर 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा देशभर रद्द झाला. हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन तार तोडली, ही आठवण समाजात अभिमानाने सांगितली जाते. मात्र सुटलेल्या माणसाच्या हाती जमीन आली नाही, भांडवलही आले नाही. पोलिसांच्या नजरेत तो पूर्वीचाच राहिला. ठिकठिकाणच्या सराईत गुन्हेगार कायद्यांनी, मुंबई राज्यात 1959 च्या कायद्याने, पोलिसांच्या नोंदवहीची परंपरा दुसऱ्या नावाने चालू ठेवली. ज्या गिरण्यांनी या वस्तीला रोजगार दिला होता त्याही पुढे एकेक करून बंद पडल्या.

हक्कांची वाटणीही प्रांताच्या रेषांनी फाटली. सोलापूर जिल्ह्यातील वडार किंवा लमाण विमुक्त जातींत मोडतो. सीमेपलीकडे कर्नाटकात त्याचाच सोयरा अनुसूचित जातीत आहे. कैकाडी विदर्भातील बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जात, तर उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त. पारधी बहुतांशी अनुसूचित जमातींत गेले. विमुक्तांना राज्यात 3 टक्के आरक्षण आहे, पण क्रीमी लेअरची अट लागते आणि अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण मिळत नाही. जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांच्या आजा-पणज्याला कोणी गावात टिकू दिले नाही, त्यांच्याकडेच गावाचा कागद मागितला जातो. याहून मोठा अन्याय या प्रशासनात शोधून सापडणार नाही.

लोकसंख्येची वेगळी मोजणी नसल्याने अंदाजांवर भागवावे लागते. सोलापूरचे कार्यकर्ते बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने 2008 च्या अहवालात देशातील भटक्या-विमुक्तांची संख्या दहा कोटींच्या पुढे असल्याचा अंदाज दिला. मराठी साहित्यात लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (1980) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (1987) या आत्मकथनांनी हे जगणे प्रथमच आतून मांडले.

संशयाची किंमत अजून मोजावी लागते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने डवरी गोसावी समाजाचे पाच जण ठार मारले. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातले होते. हा समाज विमुक्तांत मोडत नाही, भटक्यांत मोडतो, पण झोळी घेऊन फिरणारा परका म्हणजे चोर, हा समज दोघांच्याही वाट्याला आला आहे.

2021 मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी लमाणांच्या मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टी सोडवून लोकांना दुसरे धंदे लावून देण्याचा ‘ऑपरेशन परिवर्तन’ हा उपक्रम सुरू केला. त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. तरी या वस्त्यांत सरकार आजही आधी पोलिसाच्या वेषात पोहोचते. शिक्षण, जमीन आणि बँक तिथे आधी पोहोचायला हवी होती. विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत घरासाठी जागा देण्याची तरतूद आहे, पण योजनेचा लाभही दाखल्यावरच अडतो. जुना शिक्का तुरुंगांच्या नियमांतही टिकून होता. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातीवर आधारित नियम घटनाबाह्य ठरवले. विमुक्त जमातींना जन्माने गुन्हेगार मानणारी तुरुंग नियमावलीतील भाषाही त्यात रद्द झाली.