स्थलनामांतील इतिहास : जुन्नर, आंबेगाव आणि पुणे शहर

प्रास्ताविक

गावांची, पेठांची आणि आळ्यांची नावे हे इतिहासाचे एक महत्त्वाचे परंतु काहीसे दुर्लक्षित साधन आहे. ताम्रपट, शिलालेख व दफ्तरे राज्यकर्त्यांची बाजू सांगतात. स्थलनामांमध्ये मात्र राज्यकर्ता, कारागीर आणि सामान्य रहिवासी या तिघांचाही आवाज मिसळलेला असतो. प्रस्तुत लेखात जुन्नर व आंबेगाव तालुके आणि पुणे शहर यांतील काही नावांच्या आधारे एका प्रश्नाचा विचार केला आहे : कोणते नाव टिकते, कोणते पुसले जाते आणि का?

राजाज्ञेने दिलेली नावे

पुण्यातील कसबा ही मूळ वस्ती होय. तिच्याभोवती वाढलेल्या पेठांची प्रारंभीची नावे आज बहुतेकांच्या स्मरणातून गेली आहेत. शनिवार पेठेचे मुर्तजाबाद, रविवार पेठेचे मलकापूर, सोमवार पेठेचे शहापूर आणि मंगळवार पेठेचे अष्टापूर ही नावे होती. औरंगजेबाचा तळ 1703 मध्ये पुण्यात पडला असता आजच्या बुधवार पेठेस मोहियाबाद असे नाव मिळाले. पेशवाईत या वस्त्यांना वारांची नावे रूढ झाली आणि आधीची नावे केवळ कागदपत्रांत उरली. राजाज्ञेने दिलेले प्रत्येक नाव नष्ट होते, असा मात्र याचा अर्थ नव्हे. सदाशिवरावभाऊंच्या नावाची सदाशिव पेठ व नारायणरावांच्या नावाची नारायण पेठ आजही तशीच आहे. उलट, नाना फडणविसांनी वसविलेल्या पेठेचे हनुमान पेठ हे नाव मागे पडून ती नाना पेठ म्हणूनच ओळखली गेली. तात्पर्य, आज्ञा नाव देऊ शकते. ते चालविणे मात्र लोकांच्या हाती असते.

व्यवसायांनी दिलेली नावे

कसबा पेठेतील कागदीपुरा व तांबट आळी ही नावे कोणत्याही फर्मानावाचून तयार झाली. यांपैकी कागदीपुऱ्याचा संबंध थेट जुन्नरशी पोहोचतो. जुन्नर हे कागदनिर्मितीचे जुने केंद्र असून 'जुन्नरी कागद' हा पेशवेकालीन दफ्तरांतील परिचित प्रकार होता. पेशव्यांच्या राजधानीत लेखनाचा व्यवहार वाढला, तशी कागदाची गरजही वाढली, आणि जुन्नर व नाशिककडील मुसलमान कागदी कारागीर पुण्यात येऊन स्थायिक झाले. पुढे गिरणीच्या कागदापुढे हातकागदाचा धंदा खालावला. नाव मात्र वस्तीला चिकटून राहिले. ज्यांच्या कागदावर मराठी राज्याचा हिशेब लिहिला गेला, त्या कारागिरांची व्यक्तिगत नावे आपल्याला क्वचितच सापडतात. त्यांची सर्वांत ठळक सार्वजनिक नोंद म्हणजे हे वस्तीचे नाव होय.

लोकमुखातील रूपांतर

मूळ संदर्भ विसरला गेला की लोक त्या नावाला नवा अर्थ देतात. पुण्यातील रास्ता पेठ हे याचे उत्तम उदाहरण होय. ऐकणाऱ्यास त्यात 'रस्ता' ऐकू येतो. वस्तुतः ते सरदार रास्ते यांचे नाव आहे. या पेठेचे शिवपुरी हे आधीचे नाव तर पूर्णतः लोपले. जुन्नरजवळील हापूसबाग या गावाच्या नावात आजच्या कानाला आंबा ऐकू येतो. परंतु हे नाव 'हबशीबाग' याचा अपभ्रंश मानले जाते. मलिक अहमदने 1490 मध्ये निजामशाही स्थापन केली ती जुन्नरच्या परिसरातून, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबर या हबशी वजिराने निजामशाहीची राजधानी काही काळ जुन्नर येथे ठेवली होती. ही पार्श्वभूमी ध्यानात घेता हबशांशी जोडलेली व्युत्पत्ती अधिक संभवनीय ठरते. नावाचा अर्थ आंब्यापुरता राहिला, तर आफ्रिकेतून आलेल्या एका समाजाने या भूमीवर उमटविलेली खूणही आपण गमावून बसू.

बुद्रुक व खुर्द ही उपपदे अशीच विस्मृत झालेली आहेत. फारसीतील 'बुजुर्ग' म्हणजे थोर आणि 'खुर्द' म्हणजे लहान. आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुक व अवसरी खुर्द ही जोडनावे मध्ययुगीन महसुली व्यवहाराची भाषा आजही वागवीत आहेत.

गाव बुडाले, नाव उरले

आंबेगाव या नावाची कहाणी याहून वेगळी आणि अधिक वेदनादायक आहे. तालुक्याचे मुख्य ठिकाण घोडेगाव. ज्या गावावरून तालुक्यास नाव मिळाले, ते आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. गावकऱ्यांची घरे व शेते पाण्याखाली गेली. प्रत्येक दाखल्यावर, प्रत्येक सातबाऱ्यावर मात्र 'तालुका आंबेगाव' असे आजही लिहिले जाते. येथे सरकारी कागदानेच नाव जपले. परंतु तो कागद त्या गावाच्या आळ्या, पाणवठे व शिवारांची नावे सांगत नाही. ती केवळ विस्थापितांच्या स्मरणात आहेत.

त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. याच तालुक्यातील म्हाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत विदेशी कापडाचा ट्रक अडविताना हुतात्मा झाला. खेड्यातून महानगरात गेलेल्या एका श्रमिकाचे नाव पुण्यातील चौकाला मिळाले आणि त्याच्या मूळ तालुक्यातील जलाशयालाही मिळाले. पण ज्या पाण्याला हे गौरवाचे नाव आहे, त्याच पाण्याखाली दुसरे एक नाव निराधार झाले, ही विसंगती अभ्यासकाने नोंदविली पाहिजे.

निष्कर्ष

वरील उदाहरणांवरून असे दिसते की सत्तेने दिलेले नाव लोकांनी स्वीकारले तरच टिकते. व्यवसायावरून पडलेले नाव व्यवसायानंतरही उरते. आणि अर्थ हरवलेले नाव नवा, बहुधा चुकीचा, अर्थ धारण करते. म्हणून व्युत्पत्ती सांगताना ध्वनिसाम्यावर विसंबणे धोक्याचे आहे. तिला कागदपत्रांची व स्थानिक इतिहासाची जोड हवी. मोठ्या शहरांच्या पेठांवर बरेच लेखन झाले आहे. त्या मानाने खेड्यांतील आळ्या, पाणंदी, ओढे व शेतांची नावे अलिखित राहिली आहेत. या दोन तालुक्यांतील महाविद्यालयांत शिकणारे विद्यार्थी त्याच गावांतून येतात. त्यांच्याकरवी वृद्धांच्या तोंडून ही नावे नोंदविण्याचे काम इतिहास, मराठी व भूगोल या विभागांनी एकत्रितपणे हाती घेतले पाहिजे. बुडालेल्या आंबेगावाच्या बाबतीत तर त्याला विलंब परवडणारा नाही.