खरखर कोणाची?

गेल्या महिन्यात जिंतूरहून परभणीला परतताना गाडीतल्या रेडिओवर एकाएकी खरखर सुरू झाली. आकाशवाणी परभणीचे १३०५ किलोहर्ट्झ लावलेले, केंद्र जवळ येत चाललेले, तरी निवेदकाचा शब्द कळेना. मुलगा म्हणाला, "अब्बा, रेडिओ जुना झालाय, बदलून टाका." मी त्याला मोबाईलचा चार्जर काढायला सांगितले. आवाज लख्ख झाला. चार्जर परत लावला, परत खरखर.

ही युक्ती माझी नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी आमच्या अब्बांच्या पेट्रोल गाडीतला रेडिओ असाच तडतडायचा. मोहल्ल्यातल्या बॅटरीवाल्या मिस्त्रींनी रेडिओला हातही लावला नाही. बॉनेट उघडून एक्सिलेटर कमी-जास्त केला. इंजिनाबरोबर तडतडही वाढली. म्हणाले, "रेडिओ का क्या कुसूर? वो तो जो सुनता, वोइच बोलता." मग प्लगच्या तारांना रेझिस्टन्सच्या टोप्या, कॉइलला कंडेन्सर, बॉनेट आणि बॉडी यांच्यामध्ये अर्थिंगची पट्टी. काम झाले.

त्या एका वाक्यामागे मोठा इतिहास आहे. १८८७ च्या सुमारास जर्मनीत हाइनरिख हर्ट्झ यांनी ठिणगी पाडून रेडिओलहरी निर्माण केल्या. १८९५ मध्ये कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी अशाच लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली. मार्कोनी यांचे सुरुवातीचे संदेशही ठिणगीच्याच जोरावर गेले. पेट्रोल इंजिनाचा प्लगही मिनिटाला शेकडो ठिणग्या पाडतो. म्हणजे अशी प्रत्येक गाडी नकळत एक छोटे प्रक्षेपण केंद्रच असते. ज्या ठिणगीतून रेडिओ जन्मला, तीच गाडीत त्याच्या मुळावर आली.

१९३० मध्ये अमेरिकेत गॅल्व्हिन बंधूंनी 'मोटोरोला' हा कार रेडिओ बाजारात आणला, तेव्हा त्यांचीही मोठी डोकेदुखी हीच होती. या त्रासाचे मोजमाप ठरवण्यासाठी १९३४ मध्ये पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय समितीच नेमली गेली.

त्याच काळात आपल्याकडेही रेडिओ येत होता. परभणी तेव्हा हैदराबाद संस्थानात होती. १९३५ मध्ये निजाम सरकारने हैदराबादचे केंद्र ताब्यात घेतले. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये संस्थानाच्या शरणागतीची घोषणा याच 'डेक्कन रेडिओ'वरून झाली. पुढे १९६८ मध्ये परभणीला स्वतःचे आकाशवाणी केंद्र मिळाले. हे प्रक्षेपण मध्यम लहरींवरचे. त्यात आवाज लहरींच्या उंचीतून जातो आणि ठिणगी नेमका तिथेच घोळ घालते. म्हणून एफएमपेक्षा या लहरींवर खरखर जास्त.

आता ठिणगीची जागा इतर वस्तूंनी घेतली आहे. मोबाईलचा चार्जर बॅटरीचे १२ व्होल्ट ५ व्होल्टवर आणताना वीज सेकंदाला लाखभर वेळा किंवा त्याहूनही जास्त वेळा चालू-बंद करतो. डॅशकॅम आणि एलईडी दिवे यांच्यातही अशीच सर्किटे असतात. ती हलक्या प्रतीची असली तर रेडिओ कुरकुरतो, जीपीएस जागा चुकवते, रिमोट जवळ नेल्याशिवाय चालत नाही. कंपनीच्या गाडीची याबाबत तपासणी होते, पण आपण नंतर विकत घेतलेला चार्जर त्या वेळी गाडीत नसतो.

उपाय मिस्त्रींचाच. सगळ्या वस्तू काढा, मग एकेक लावत जा. एक्सिलेटरबरोबर आवाज चढत असेल तर अल्टरनेटर किंवा प्लग पाहा. इंजिन बंद असतानाही आवाज येत असेल तर चार्जर, कॅमेरा पाहा. डॅशकॅमची वायर अँटेनापासून दूर न्या, वायरवर फेराइटची कडी बसवा, अर्थिंगचे नट घासून घट्ट करा. नवा रेडिओ घेण्याचा विचार सगळ्यात शेवटी.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुस्लिमांचा मोठा वर्ग स्वयंरोजगारात असल्याची नोंद आहे. मराठवाड्यातली गॅरेजेसही त्यातच आली. पण त्या लोकांना काय काय ठाऊक होते, हे कुठल्या तक्त्यात येत नाही. आमचे मिस्त्री जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांनी हर्ट्झचे नाव ऐकले असेल असे वाटत नाही. पण ज्याच्या तोंडून खरखर ऐकू येते, तोच गुन्हेगार असतो असे नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आजकाल माणसांच्या बाबतीतही आपण एवढी तपासणी करत नाही.