होटगीचे रूळ आणि स्विचमधली जाळी

होटगीच्या माणसांपुढे रुळांची गोष्ट सांगणे हे धाडसच आहे. तरी आम्ही आरंभ तेथूनच करतो. कारण ज्या विषयावर बोलण्याचे आम्ही कबूल केले, तो आम्हांस प्रथम उमगला तो याच स्टेशनच्या इतिहासावरून. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही, तेव्हा उदाहरणे घरचीच येणार.

मुंबईहून रायचूरकडे जाणारा जी. आय. पी. रेल्वेचा रस्ता ब्रॉडगेज, म्हणजे साडेपाच फुटी. सदर्न मराठा रेल्वेने 1884 साली होटगी ते गदग हा रस्ता सुरू केला, तो मीटरगेज. ठिकाण एकच, पण एका रुळावरची वाघीण दुसऱ्या रुळावर जाऊ शकत नसे. गदगकडचा माल मुंबईकडे न्यायचा तर एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे, आणि तो भरला जाई हमालाच्या पाठीवरून. कंपन्यांच्या भांडवलाचा हिशेब इतिहासात मिळतो. या पाठींचा हिशेब मांडायला कोणी बसले नाही. पुढे मीटरगेज गेले, गाड्या सरळ धावू लागल्या आणि ती हमाली संपली.

गंमत अशी, की जे वेगळेपण मोडण्यासाठी रेल्वेने एवढा खर्च केला, तसलेच वेगळेपण आज एका लहानशा पेटीत मुद्दाम निर्माण करतात. ती पेटी म्हणजे नेटवर्क स्विच, आणि त्या वेगळेपणाला म्हणतात व्ही-लॅन, म्हणजे आभासी स्थानिक जाळे.

कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधनशाळेत 1973 साली रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली. तिच्यात साऱ्या यंत्रांसाठी केबल एकच. कोणी एक बोलला की साऱ्यांच्या कानी पडे. चाळीच्या अंगणासारखा प्रकार. 1990च्या सुमारास कल्पना नावाच्या अमेरिकन कंपनीने इथरनेटचा पहिला अनेक-पोर्टी स्विच बाजारात आणला. नाव आपल्याकडचे, कारण तिच्या संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज यांनी ते पत्नीच्या नावावरून दिले होते. स्विचमुळे ज्याचे पत्र त्याच्याच दारी जाऊ लागले. पण दवंडी मात्र अजूनही प्रत्येक दारी जाई. दहा घरांना दवंडी चालते. हजार घरे झाली की दिवसभर दवंडीच ऐकावी लागते.

येथे इतिहासाने एक वळण घेतले, ते आम्हांस फार आवडते. बेलकोर या टेलिफोन-संशोधन संस्थेतले डेव्हिड सिंकोस्की यांनी आधी इथरनेटवरून टेलिफोनचा आवाज नेण्याची खटपट केली होती. अनेक जाळी एकमेकांस जोडली की वाटा गोल फिरू लागतात आणि संदेश घाण्याच्या बैलासारखे फिरत राहतात. त्यावर राडिया पर्लमन या विदुषीने 1985 साली उपाय शोधला होता: जादा वाटा बंद ठेवून झाडासारखी एकच रचना उरवायची. पण मग सारा भार त्या झाडाच्या बुंध्यावर येई. सिंकोस्की आणि चेस कॉटन यांनी 1988 साली सुचवले, की प्रत्येक संदेशाला एक रंग द्यावा आणि प्रत्येक रंगाचे झाड निराळे असावे. म्हणजे या युक्तीचा उगम भिंत घालण्यासाठी झालाच नव्हता. भार वाटून घेण्यासाठी झाला होता. भिंत म्हणून तिचा उपयोग पुढे रूढ झाला.

नंतर निरनिराळ्या कंपन्यांनी आपापल्या खुणा काढल्या आणि एकीच्या खुणा दुसरीला कळेनात. गेजचेच भांडण म्हणा ना! 1998 साली आय-ट्रिपल-ई या संस्थेने 802.1क्यू हे सर्वांसाठी प्रमाण ठरवले. त्यानुसार संदेशाला चार बाइटांची चिठ्ठी लागते, मालाच्या वाघिणीला लेबल लावावे तशी. तिच्यात जाळ्याच्या क्रमांकासाठी बारा बिट असतात. त्यातून 4096 क्रमांक निघतात. दोन राखीव, उरले 4094. संगणकाला जोडलेले पोर्ट एकाच क्रमांकाचे असते आणि संगणकाला चिठ्ठी दिसतही नाही. दोन स्विचांना जोडणाऱ्या ट्रंकवरून मात्र अनेक क्रमांकांचे संदेश चिठ्ठीसह जातात. एका क्रमांकातून दुसऱ्यात जायचे तर राउटर लागतो. तोच तेथला माल बदलण्याचा धक्का.

आता आमची हकिकत. एका कारखान्यात करारानुसार युनियनला खोली मिळाली, आणि खोलीत नेटवर्कची तारही. तार त्याच स्विचमधली, जिच्यावर टाइम ऑफिस चाले. आमच्या संगणकावरचा सभासदांचा फोल्डर शेजारच्या संगणकांवर उघडत होता, हे आमच्या गावीही नव्हते. यादी आम्ही कोणास देण्यापूर्वीच नवे सभासद एकेक करून केबिनमध्ये बोलावले जाऊ लागले. दोघांनी युनियन सोडली. त्यांना आम्ही दोष दिला नाही. फोल्डर आम्हीच उघडा ठेवला होता.

भांडून स्वतंत्र व्ही-लॅन मागितले. एका तरुण इंजिनियरने आमच्यासमोर काम केले. ऑफिसला 10, हजेरीयंत्रांना 20, कॅमेऱ्यांना 30, युनियनला 40. क्रमांक निर्माण करायचा, नाव द्यायचे, मग पोर्टे त्याच्या हवाली करायची. पाहताना सोपे वाटते. पण ट्रंकवर 40ला परवानगी द्यायची राहिली, आणि आमचे इंटरनेट बंद पडले. ते सुधारले, तर केलेली मांडणी कायमच्या स्मृतीत साठवायची राहिली. तिसऱ्या दिवशी वीज गेली. परत आली तेव्हा सारी पोर्टे मूळच्या 1 क्रमांकात. पुन्हा सर्वांचे एकच अंगण!

तिसऱ्यांदा काम नीट झाले, तेव्हा आम्ही विचारले, "स्विचचा पासवर्ड कोणाकडे?" पोरगा हसला. व्ही-लॅन संदेश वेगळे ठेवते, गुप्त करत नाही. स्विच ज्याच्या ताब्यात, तो कोणत्याही पोर्टची नक्कल आपल्याकडे वळवून घेऊ शकतो, आणि संदेश सांकेतिक लिपीत नसेल तर वाचूही शकतो. पुढच्या करारात आम्ही कलम घातले, की युनियनच्या पोर्टात बदल करण्यापूर्वी लेखी कळवावे. त्या एका ओळीवर दोन बैठका गेल्या. समोरच्यांना वाटले आम्ही पगारवाढ विसरलो!

कलम मंजूर झाले. सभासदांची यादी मात्र आम्ही त्या संगणकावरून काढून टाकली. ती आता वहीत असते, आणि वही आमच्या होटगीच्या खोलीतल्या कपाटात.