चॉकलेटचा खोका आणि स्पर्धेची बस: अमेरिकेतील हायस्कूल गट वस्तू विकून निधी कसा उभारतात

अमेरिकेतील सरकारी हायस्कूलमध्ये शिक्षण मोफत असते. पण त्याच शाळेतला बँड, वादविवाद मंडळ, नाटकाचा गट, बास्केटबॉलचा संघ यांचा सगळा खर्च शाळेच्या अंदाजपत्रकात बसत नाही. गणवेश, वाद्यांची दुरुस्ती, परगावच्या स्पर्धेसाठी बस, तिथला एका रात्रीचा मुक्काम, हे सगळे बाहेरून उभे करावे लागते. त्यासाठीची तिथली सर्वांत ओळखीची रीत म्हणजे मुलांनी वस्तू विकणे. चॉकलेट, बिस्किटे, पॉपकॉर्न, नाताळच्या भेटवस्तूंना गुंडाळायचा रंगीत कागद, मासिकांच्या वर्गण्या, कुंडीतली फुले, दुकानांची सवलत कार्डे, काहीही. पालकांचे एक मंडळ असते, त्याला 'बूस्टर क्लब' म्हणतात. हिशोब बहुतेक वेळा तेच पाहते.

आपल्याकडे विहारातील युवक गट असो की वस्तीतली अभ्यासिका, पैसा म्हटला की पावतीपुस्तक निघते. दरवर्षी त्याच दहा घरांसमोर हात पसरण्यापेक्षा काहीतरी विकून पैसा उभा करावा, असा विचार आपले तरुण कार्यकर्तेही करतात. विचार चांगला आहे. मात्र ज्या देशात ही पद्धत शंभर वर्षे चालली, तिथे ती गरीब मुलाच्या वाट्याला नेमकी कशी आली, हे आधी पाहून घ्यावे असे आम्हाला वाटते.

शाळेच्या कॅन्टीनपासून सुरुवात

या विक्रीची जुनी आणि नीट नोंदलेली सुरुवात १९१७ च्या डिसेंबरमधली आहे. ओक्लाहोमा राज्यातील मस्कोगी गावात गर्ल स्काउट्सच्या मिसलटो ट्रूपमधील मुलींनी बिस्किटे भाजली आणि हायस्कूलच्या कॅन्टीनमध्ये विकली. १९२२ मध्ये संघटनेच्या 'द अमेरिकन गर्ल' या मासिकात शिकागोच्या फ्लोरेन्स नील यांनी बिस्किटांची कृती दिली आणि सोबत हिशोबही दिला. सहा-सात डझन बिस्किटांच्या सामानाला २६ ते ३६ सेंट लागतील आणि डझनाला २५ किंवा ३० सेंट भाव मिळेल.

हा हिशोब जरा थांबून पाहण्यासारखा आहे. सहा डझन, २५ सेंटने, म्हणजे दीड डॉलर. सामान महागात महाग धरले तरी ३६ सेंट. हातात राहिले एक डॉलर चौदा सेंट. शंभरातले शहात्तर मुलींच्या गटाचे! कारण पीठ मळणे, भाजणे, बांधणे, विकणे, सगळी मेहनत त्यांचीच होती. मधे कोणी नव्हते.

१९३० च्या दशकात मागणी वाढली आणि बिस्किटे कारखान्यात बनू लागली. १९३४ मध्ये फिलाडेल्फियाच्या शाखेने व्यावसायिक बेकरीत बनलेली बिस्किटे विकली आणि १९३६ पासून राष्ट्रीय संघटनेने व्यावसायिक बेकरीला परवाने दिले. दुसऱ्या महायुद्धात साखर, मैदा आणि लोणी मिळेनासे झाले तेव्हा मुलींनी बिस्किटांऐवजी कॅलेंडरे विकली. आज एका हंगामात सुमारे २० कोटी पेट्या विकल्या जातात. पण पेटीमागे विकणाऱ्या मुलींच्या ट्रूपला मिळतो साधारण एक डॉलर, कुठे त्याहून कमी. उरलेला पैसा बेकरी आणि संघटनेची विभागीय शाखा यांच्यात वाटला जातो. शाखा त्यातून शिबिरे चालवते, त्यामुळे तो सगळा वाया जातो असे म्हणता येणार नाही. पण शहात्तर टक्क्यांवरून कुठे आलो ते दिसते.

खोका घरी येतो तेव्हा

हायस्कूलच्या गटांसाठी महायुद्धानंतर वेगळ्या कंपन्याच उभ्या राहिल्या. त्यांचा मालच शाळांच्या निधीसाठी असतो. यातली ठरलेली रीत अशी. कंपनीचा माणूस शाळेत येतो, मुलांना एकत्र बसवतो, बक्षिसांचा तक्ता दाखवतो. इतके विकलेत तर चावीची साखळी, तितके विकलेत तर हेडफोन, सगळ्यांत जास्त विकणाऱ्याला लांबलचक मोटारीतून फेरफटका. मग दोन मार्ग असतात. एकात मूल ऑर्डरचा कागद फिरवते, पैसे गोळा करते आणि माल नंतर येतो. दुसऱ्यात मूल चॉकलेटचा खोका घेऊनच घरी जाते. गटाचा वाटा साधारण चाळीस ते पन्नास टक्के.

दुसऱ्या मार्गात एक गोष्ट दडलेली असते. खोका देताना पालकांची सही घेतात. साठ चॉकलेटे, एकेक डॉलरचे, असा खोका असेल तर सही करणाऱ्याने साठ डॉलरची उधारी घेतली आहे. विकले गेले नाही, धाकट्या भावाने खाल्ले, बसमध्ये राहिले, तरी साठ डॉलर भरायचे. सुस्थितीतल्या घरात आई हसून पैसे भरते आणि महिनाभर घरातले सगळे चॉकलेट खातात. ज्या घरात भाडे थकलेले आहे तिथे हा हसण्याचा विषय नसतो. उधारी म्हणजे काय हे आपल्या वस्तीला वेगळे सांगायला नको.

आणि विकत घेते कोण? मुलाचे कसब, चिकाटी, बोलणे यांचे कौतुक फार होते, पण बहुतांश माल जातो तो आईवडिलांच्या कचेरीत, नातेवाइकांकडे आणि शेजारी. वडील मोठ्या कचेरीत असतील तर कागद टेबलावर ठेवला की दुपारपर्यंत भरतो. वडील गोदामात रात्रपाळी करत असतील तर तो कागद कुठे ठेवणार? म्हणजे तक्त्यात पहिल्या नंबरावर दिसते ते पुष्कळदा घराचे ओळखीचे जाळे असते. विक्री आता ऑनलाइन झाली आहे. मुलाच्या नावाची लिंक निघते आणि ती नातेवाइकांना पाठवतात. यात अनोळखी दार ठोठावण्याचा धोका टळतो, हे मोठेच काम झाले. १९९७ मध्ये न्यू जर्सीत शाळेच्या निधीसाठी घरोघर फिरणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलाचा खून झाला होता. पण लिंक पोहोचते ती ज्यांची ओळख आधीच आहे त्यांच्यापर्यंतच. ज्याचे नातेवाईकही हातावर पोट असलेले, त्याची लिंक कोरडीच राहते.

फी नको, मग विक्री सक्तीची?

या प्रश्नावर कॅलिफोर्नियातला एक खटला आपल्या कार्यकर्त्यांनी माहीत करून घ्यावा. १९७८ च्या 'प्रपोझिशन १३' ने तिथल्या मालमत्ता करावर मर्यादा आली आणि शाळांचा पैसा आटला. सांता बार्बराच्या हायस्कूल मंडळाने १९८०-८१ साठी ठरवले की खेळ, नाटक, गायन, वाद्यवृंद यात भाग घ्यायचा तर प्रत्येकी २५ डॉलर भरावे लागतील. गरीब मुलांना माफी होती. तरीही बार्बरा हार्टझेल या पालक आणि फीविरोधी संघटनांची आघाडी कोर्टात गेली. १९८४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 'हार्टझेल विरुद्ध कॉनेल' या खटल्यात ही फी राज्यघटनेतील मोफत शाळेच्या हमीच्या विरुद्ध ठरवली. मुख्य न्यायमूर्ती रोझ बर्ड यांच्या मुख्य निकालपत्राचा मुद्दा असा, की हे उपक्रम शिक्षणाचाच भाग आहेत. माफीमुळेही ही फी योग्य ठरत नाही, कारण माफी मागणाऱ्या मुलावर 'गरजू' असा शिक्का बसतो. शिवाय मोफत शिक्षण हा हक्क आहे, दया नव्हे.

शिष्यवृत्तीच्या रांगेत, फॉर्मवर जातीचा रकाना भरताना, वर्गात 'सवलतवाले उभे राहा' असे ऐकताना जे आपल्या मुलांना कळते, तेच या निकालाला कळलेले आहे.

फी बंद झाली की विक्रीवरचा भार वाढतो, हे उघड आहे. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाने फीबंदीचा कायदा आणखी स्पष्ट केला. तिथे गट मुलांना वस्तू विकायला सांगू शकतो, पण 'विकले नाहीस तर संघात घेणार नाही' असे म्हणू शकत नाही. तसे म्हटले तर ती दुसऱ्या नावाने घेतलेली फीच होते.

दुसरा खटला पैशाच्या वाटपाचा आहे आणि आमच्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा. व्हर्जिनियातील जिम्नॅस्टिक्सच्या मुलांच्या पालकांचे एक बूस्टर मंडळ होते. कुटुंबांनी वस्तू विकायच्या, जितका नफा आणला तितके गुण त्यांच्या खात्यावर, आणि ते गुण त्यांच्याच मुलाच्या स्पर्धाखर्चातून वजा. ज्याने विकले नाही त्याने सगळा खर्च स्वतः भरायचा. ऐकायला न्याय्य वाटते, 'जो राबेल तो खाईल'. पण मंडळाला धर्मादाय संस्था म्हणून करमाफी होती. अमेरिकी करखात्याने ती काढून घेतली आणि २०१३ मध्ये टॅक्स कोर्टाने तो निर्णय कायम ठेवला. कारण साधे होते. लोक 'मुलांच्या खेळासाठी' म्हणून वस्तू घेतात, आणि तो पैसा समूहाकडे न जाता विकणाऱ्याच्याच घरी परततो. हे दान नाही, हा खाजगी लाभ झाला. मंडळ हायस्कूलचे नव्हते, पण हायस्कूलच्या बूस्टर क्लबनाही तोच कायदा लागू आहे. त्यामुळे तेव्हापासून त्यांना सल्ला मिळतो तो हाच, की पैसा एका हंड्यात टाका आणि सगळ्या मुलांसाठी सारखा वापरा.

खाद्यपदार्थांबद्दलचा नियम थोडक्यात सांगून पुढे जाऊ. २०१० च्या पोषण कायद्यानुसार १ जुलै २०१४ पासून शाळेच्या आवारात, मध्यरात्रीपासून शाळा सुटल्यावर अर्ध्या तासापर्यंत, मुलांना विकलेल्या खाद्यपदार्थांवर साखर, मीठ, कॅलरी यांच्या मर्यादा आहेत. अधूनमधून होणाऱ्या निधी-विक्रीला सूट द्यायची की नाही हे राज्ये ठरवतात. आवाराबाहेर आणि संध्याकाळी चॉकलेट चालूच आहे.

मेहनत विकणारे गट

सगळेच गट कंपनीचा माल विकत नाहीत. कोणी शनिवारी गाड्या धुतात, कोणी जेवण करून विकतात. यात आपल्याला जवळचे उदाहरण जपानी-अमेरिकी बौद्धांचे आहे. 'बुद्धिस्ट चर्चेस ऑफ अमेरिका' ही जोडो शिन्शू परंपरेची संघटना. तिच्या विहारांत हायस्कूलच्या वयाच्या मुलामुलींचे 'ज्युनियर यंग बुद्धिस्ट असोसिएशन' नावाचे गट असतात. उन्हाळ्यात ओबोनचा उत्सव भरतो, नाच होतो आणि विहाराच्या अंगणात कोंबडीची तेरियाकी, नूडल्स, गोड पदार्थ यांचे स्टॉल लागतात. वर्षअखेरीस तांदूळ कुटून मोची करतात. आजी तांदूळ भिजवते, काका जाळावर उभे, मुले ताटे भरतात आणि पैसे घेतात. १९४२ मध्ये याच समाजाला छावण्यांत डांबले होते. परतल्यावर त्यांनी विहारे पुन्हा उभी केली, त्यात अशा सामूहिक कष्टांचा वाटा आहे. इथे कोणत्या मुलाने किती विकले याचा तक्ता लावणे अवघडच, कारण एक ताट दहा हातांतून गेलेले असते.

१९२२ च्या बिस्किटांचा हिशोब इथे पुन्हा आठवतो. कष्ट आपले असले की मधला वाटेकरी कमी होतो.

आपल्या गटांनी हे करायचे ठरवले तर

आपल्याकडे विक्रीची जागा आणि दिवस शोधावे लागत नाहीत. १४ एप्रिल, ६ डिसेंबरची चैत्यभूमी, नागपूरची दीक्षाभूमी. आणि वस्तूही ठरलेली आहे, पुस्तक. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड घेण्यासाठी लोक रांगा लावतात, हे कोणत्याही कंपनीला हेवा वाटावा असे आहे. आठवी ते बारावीच्या मुलांचा गट दहा-वीस पुस्तिका, कॅलेंडरे, वह्या घेऊन बसू शकतो. खाद्यपदार्थांपेक्षा हे बरे, नासत नाही आणि उरले तर परत करता येते.

मात्र परतीची बोली आधी करावी. प्रकाशकाशी बोलताना सवलत किती टक्के हे सगळेच विचारतात, पण 'उरलेला माल किती दिवसांत आणि कोणत्या अवस्थेत परत घ्याल' हे लिहून घ्यावे. उधारीची सही गटाच्या मोठ्या माणसाने करावी, मुलाच्या पालकांनी नाही. कोणत्याही मुलाच्या घरी पुस्तकांचा गठ्ठा 'इतके विकून आण' म्हणून पाठवू नये. स्टॉलवर पाळी लावावी, दोघे विकतील, एक वही लिहील, एक पैसे सांभाळील, आणि दोन तासांनी कामे बदलावीत. वहीत पुस्तकाचे नाव आणि रक्कम असावी, मुलाचे नाव नको. कोणाच्या मामाने पन्नास प्रती घेतल्या तर आनंदच आहे, पण त्या मुलाला सहलीत खिडकीची जागा त्यासाठी मिळू नये.

गटात एखादे मूल येणारच नाही. त्या दिवशी ते आईबरोबर कामाला गेलेले असेल, किंवा त्याला लाज वाटत असेल. त्याचे नाव शिबिराच्या यादीत तसेच राहिले पाहिजे, आणि ते का आले नाही हे चारचौघांत विचारू नये. हिशोब पुढच्या रविवारच्या वंदनेनंतर मुलांपैकीच एकाने उभे राहून वाचावा: किती पुस्तके आणली, किती विकली, प्रकाशकाला किती दिले, शिल्लक किती. उरलेल्या प्रती त्याच आठवड्यात परत पोहोचवाव्यात, कारण पावसाची एक सर आली की वाकलेल्या मुखपृष्ठाचे पुस्तक प्रकाशक घेत नाही.