लाखात एक? पण मोजलं कुणी अन् कसं?

परवा ओळखीतल्या एका ताईंची फाइल बघण्यात आली. वय बत्तीस. चार वर्षांपूर्वी एका डोळ्याला धूसर दिसायला लागलं, महिन्याभरात आपोआप बरं झालं. मग पायाला मुंग्या, चालताना तोल जायचा. कुणी अशक्तपणा म्हणलं, कुणी मणका. घरच्यांनी 'टेन्शन लई घेते' म्हणून विषय सोडून दिला. शेवटी सोलापुरात मेंदूचा एमआरआय झाला तेव्हा आजाराचं नाव कळलं. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस.

आजार काही नवा नाही. पॅरिसच्या डॉ. शार्को यांनी १८६८ मध्येच त्याचं नीट वर्णन केलं होतं. यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण खाते. वायरचं कव्हर सोलल्यावर होतं तसं. पण आपल्याकडं कित्येक वर्षं हा थंड देशातल्या गोऱ्यांचा आजार समजला जायचा. भारतात लाखामागे एखादा.

अपवाद मुंबईच्या पारशांचा. १९८८ मध्ये डॉ. भरुचा आणि १९९० मध्ये जे.जे.चे नामवंत न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशिर वाडिया यांचे अभ्यास छापून आले. पारशांत प्रमाण लाखामागे २०हून जास्त निघालं. या समाजात आजार खरोखर जास्त आहे, यात वाद नाही. पण एक गोष्ट बघा. पारशी वसाहतींत घरोघरी जाऊन माणसं मोजली होती. बाकीच्यांचा अंदाज दवाखान्यात पोचलेल्या पेशंटवरून. आमच्या भूम-परंड्याची बाई त्या आकड्यात येणार कुठून?

दुसरी अडचण बघण्याची. साध्या सीटी स्कॅनला हे डाग फारसे दिसतच नाहीत. १९८१ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात दहा पेशंट दोन्ही यंत्रांखाली घातले. सीटीला १९ डाग दिसले. एमआरआयला ते १९ तर दिसलेच, वर आणखी ११२! यात क्ष-किरण नसतात. चुंबकानं शरीरातल्या पाण्याचा अंदाज घेतला जातो, अन् आवरण गेलेली जागा पांढरी उमटते. २००१ मध्ये मॅकडोनाल्ड निकष आले अन् एमआरआयला निदानात अधिकृत जागा मिळाली. डाग वेगवेगळ्या जागी हवेत आणि वेगवेगळ्या वेळी पडलेले हवेत.

तरी नुसत्या फोटोवर निदान होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. बीपी, वय, अर्धशिशी यांनीही पांढरे ठिपके येतात. एनएमओ नावाचा एक सख्खा भाऊ वाटावा असा आजार आहे, त्याला एमएसची काही औषधं दिली तर उलट त्रास वाढतो. म्हणून न्यूरॉलॉजिस्टच लागतो, रिपोर्ट वाचणारा ओळखीचा माणूस नाही.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएसचं नाव आहे. पण प्रमाणपत्राला निदान लागतं, निदानाला एमआरआय अन् न्यूरॉलॉजिस्ट. ताईंना पुढच्या महिन्यात परत सोलापूर गाठायचंय. सकाळच्या एसटीनं, सोबतीला भाऊ, त्याचा त्या दिवसाचा रोज बुडवून.