गर्भाशयाचा कर्करोग आणि प्रथिनांचा माग

शरीरातील एखाद्या प्रथिनावरून कर्करोगाचा माग काढता येईल, या कल्पनेचे मूळ १८४५ साली लंडनमध्ये तपासल्या गेलेल्या एका रुग्णाच्या लघवीत सापडते. हाडे मऊ पडत चाललेल्या त्या रुग्णाच्या लघवीत नायट्रिक आम्ल घातले की साका जमे, उष्णता दिली की तो विरघळे आणि नमुना निवला की पुन्हा दिसू लागे. हेन्री बेन्स जोन्स यांनी अभ्यासलेले हे प्रथिन पुढे अस्थिमज्जेच्या कर्करोगाची खूण ठरले.

गर्भाशयाच्या बाबतीत अशी खूण, म्हणजेच मोजता येण्याजोगा जैवसूचक, शोधण्याचे काम फार उशिरा सुरू झाले. योनिस्रावातील पेशी तपासण्याच्या पद्धतीवर पापानिकोलाऊ आणि ट्राउट यांचा ग्रंथ १९४३ साली निघाला आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला त्या पद्धतीने मोठा आळा घातला. परंतु गर्भाशयाच्या आतील अस्तराचा, म्हणजे एंडोमेट्रियमचा, कर्करोग तिच्यातून अनेकदा निसटतो, कारण त्या अस्तराच्या पेशी मुखापर्यंत उतरतीलच असे नसते. त्यामुळे निदानाची भिस्त क्युरेटिंगवर, म्हणजे अस्तर खरवडून तपासण्यावर राहिली.

१९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच लक्ष्याला चिकटणारी प्रतिपिंडे हवी तेवढी बनवण्याची रीत शोधली आणि तिच्याच आधारे १९८१ साली रॉबर्ट बास्ट व सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगासाठी सीए-१२५ हा सूचक पुढे आणला. एंडोमेट्रियमच्या कर्करोगातही तो वाढतो, पण बहुधा रोग गर्भाशयाबाहेर पसरल्यावर; शिवाय पाळीत, गरोदरपणात आणि एंडोमेट्रिओसिसमध्येही तो वाढत असल्याने लवकर निदानासाठी त्याचा उपयोग झाला नाही. पुरुषाच्या अधिवृषणात प्रथम आढळलेले एचई-४ हे प्रथिन आरंभीच्या अवस्थेत त्याहून सरस ठरले, तरी पुष्कळ रुग्ण त्यातूनही सुटतात. लहानशा गाठीने सोडलेले प्रथिन साऱ्या शरीरातील रक्तात विरळ होऊन जाते, ही खरी अडचण आहे. म्हणूनच संशोधकांनी अलीकडे गर्भाशयातून आणि योनीतून घेतलेल्या स्रावांकडे मोर्चा वळवला, आणि ही दिशाच अधिक आशादायक म्हटली पाहिजे.

लक्षणे नसलेल्या स्त्रियांच्या सरसकट चाचणीसाठी यांपैकी एकही प्रथिन अद्याप मान्य झालेले नाही. रजोनिवृत्तीनंतर या कर्करोगाने ग्रासलेल्या दहापैकी सुमारे नऊ स्त्रियांना मात्र रक्तस्राव होतो. म्हणून पाळी कायमची थांबल्यानंतर एकदा जरी रक्त दिसले, तरी संकोच न करता स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी.